घोणशीच्या विषावर गोळी: वरेस्प्लाडिब कुठवर पोचलंय?

औषधवाला_खानापूर (धागाकर्ता)

मंडळी, भातकापणी सुरू झाली की आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "साप चावल्यावर लगेच घ्यायची गोळी हाय काय हो?" यंदा प्रश्नासोबत मोबाईलवरचा व्हिडिओही आला. अमेरिकेत गोळी निघाली, सगळ्या सापांवर चालते, फक्त आपल्याकडं येऊ देत नाहीत, असं त्यात छातीठोक सांगितलंय. गोळी खरी आहे. बाकीच्या गोष्टींत बरंच पाणी आहे. म्हणून हा धागा.

औषधाचं नाव वरेस्प्लाडिब. तोंडाने घ्यायच्या रूपाला वरेस्प्लाडिब-मिथाइल म्हणतात. शरीरात गेल्यावर त्यातून मूळ औषध तयार होतं.

घोणशीच्या विषात फॉस्फोलायपेज ए-२ नावाच्या एन्झाइमचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या विकराचा, मोठा वाटा असतो. पेशीच्या आवरणातला मेद तोडायचा हे त्याचं काम. त्यातून स्नायू मरतात, तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठायची व्यवस्था कोलमडायला हातभार लागतो. मण्यारीच्या विषात याच कुळातला एक घटक मज्जातंतूच्या टोकावर जाऊन बसतो आणि माणसाचा श्वास बंद पडतो. एन्झाइमच्या ज्या खाचेत ही तोडातोड चालते, तिथंच वरेस्प्लाडिब शिरतं आणि ती खाच अडवतं. प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातले प्रतिपिंड. ते रेणू मोठे, शिरेतूनच द्यावे लागतात. हा रेणू लहान, त्यामुळं गोळी करता आली.

आता गंमत बघा. हे औषध सापासाठी केलेलंच नव्हतं. एली लिली आणि जपानची शिओनोगी यांनी ते दाहावर काढलं, कारण याच जातीचं एन्झाइम माणसाच्या शरीरातही असतं आणि दाहात वाढतं. नंतर अँथेरा नावाच्या कंपनीने ते हृदयविकाराच्या रुग्णांवर तपासलं. त्या चाचणीचं नाव विस्टा-१६. १७ देश, ५,१४५ रुग्ण, भारतातलेही. मार्च २०१२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. फायदा दिसेना, उलट औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ३.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत २.२ टक्के. औषध कपाटात गेलं.

ते बाहेर काढलं मॅथ्यू लेविन या अमेरिकन डॉक्टरांनी. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने सहा खंडांतल्या २८ सापांच्या विषांवर ते प्रयोगशाळेत तपासून निकाल छापले. हे काम ओफिरेक्स नावाच्या कंपनीने पुढं नेलं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पैसा दिला (जंगलात फिरणाऱ्या सैनिकाला खिशात ठेवता येईल असं काहीतरी त्यांना हवंच होतं) आणि अमेरिका व भारत अशा दोन्ही देशांत ब्राव्हो नावाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. निकाल २०२४ मध्ये छापून आले. त्यांवर जाणकारांनी लिहावं, मी औषधं विकणारा माणूस, आकडेशास्त्र माझं नव्हे.

एक विनंती. मणी, मुळी, अंगारा हे इथं नको. त्यावर गेल्या पावसाळ्यात दोन पानं भांडण झालंय.

तंबाखूपट्टा_निपाणी

चांगला धागा काढलासा. आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की पाचटात घोणस ठरलेलीच. थंडीत तिचा जोडीचा हंगाम, आणि नेमका तोच आमच्या तोडीचा. पाचट उचलायला हात घालायचा आणि कुकरच्या शिट्टीगत आवाज आला की मागं सरायचं, एवढंच शिकलोय. पण वाऱ्यात आणि कोयत्याच्या आवाजात ते ऐकू कुठलं येतंय.

अडचण साप चावायची नव्हे, पुढच्या वाटंची हाय. फडातनं रस्त्यापर्यंत माणूस पाठंगुळी. रस्त्यावर गाडी मिळंपर्यंत थांबायचं. जवळच्या दवाखान्यात गेलं की "पुढं न्या". पुढं गेलं की "बेळगावला न्या" न्हाईतर "कोल्हापूरला न्या". प्रत्येक ठिकाणी नवा कागद, नवी सलाईन. त्या मधल्या वेळात देण्याजोगी गोळी निघत असंल तर आम्ही रांगंत पहिलं उभं राहू. बाकी खाच बिच मला कळलं न्हाई, पण वेळ कळतो.

सर्पमित्र_हिंडलगा

"सगळ्या सापांवर चालते" या वाक्यावर आधी बोलतो, कारण व्हिडिओतलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे.

आपल्याकडं माणसं मारणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. भारतात मिळणारं प्रतिविष या चौघांवरच बनतं. त्यासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं, ती संस्था १९७८ ची. आता या चौघांच्या विषाची घडण वेगवेगळी आहे.

घोणस आणि मण्यार यांच्यात फॉस्फोलायपेजचं काम मोठं, तिथं या औषधाला वाव आहे. फुरशात मुख्य जोर धातूवर चालणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमांचा, मेटॅलोप्रोटीनेज म्हणतात त्यांचा. ती रक्तवाहिन्यांची भिंत कुरतडतात. त्यांच्यावर वरेस्प्लाडिब चालत नाही. तिथं मॅरिमास्टॅट नावाचं, कर्करोगावर अयशस्वी ठरलेलं औषध आणि धातू पकडून ठेवणारं युनिथिऑल यांच्यावर काम चाललंय. नागाच्या विषात मज्जातंतू बधिर करणारा मोठा वाटा एन्झाइमच नव्हे, छोटी प्रथिनं आहेत. ती खाच अडवून थांबत नाहीत, कारण त्यांना ती खाचच नाही.

त्यातही एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने यावर बरंच काम केलंय. एका भागातल्या विषावर बनवलेलं प्रतिविष दुसऱ्या भागात कमी पडतं ते यामुळं. आणि आपल्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला पट्ट्यातला चापडा साप? त्याच्यासाठी आपल्या प्रतिविषात काहीच नाही. चापडा सहसा जीव घेत नाही, पण हात सुजून काळानिळा झालेली माणसं मी बघितलीत.

म्हणून औषध आलं तरी ते भविष्यात दोन-तीन औषधांच्या जोडगोळीतलं एक असेल, असं मला वाटतं. एकट्यानं चारही साप पेलणार नाही.

आणि हो, साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणू नका. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाहीतर राहू दे. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. पिशवीतला मेलेला साप परत चावल्याचं प्रकरण आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे.

रात्रपाळी_डॉक्टर

सर्पमित्रांच्या शेवटच्या परिच्छेदाला दोन्ही हात वर करून अनुमोदन.

मी सरकारी आणि खाजगी, दोन्हीकडं कॅज्युअल्टीत काम केलंय. तिथं काय होतं ते सांगतो, म्हणजे गोळी कुठं बसते ते दिसेल. रुग्ण आला की आधी श्वास, नाडी, पापण्या. मग काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही. नळी वाकडी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठण्याची व्यवस्था बिघडली आहे, म्हणजे विष चढलंय. यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. प्रतिविष सहसा १० व्हायलींपासून सुरू. लहान मुलालाही तेवढंच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. सोबत अॅड्रिनॅलिन भरून ठेवायचं, कारण घोड्याचं प्रथिन काहींना सोसत नाही आणि रक्तदाब धाडकन पडतो. याच भीतीने छोट्या दवाखान्यांतून "पुढं न्या" होतं, निपाणीकर. प्रतिविष कपाटात असतं, हात धजत नाही. समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

घोणशीत आम्हाला सगळ्यात जास्त छळतं ते मूत्रपिंड. रक्त गोठायला लागलं, सूज उतरली, नातेवाईक हसायला लागले आणि तिसऱ्या दिवशी लघवी बंद. मग डायलिसिस.

मण्यारीचं दुखणं वेगळंच. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी. घरचे पित्त समजतात. सकाळी पापण्या जड, बोलणं बोबडं. मज्जातंतूची टोकं एकदा निकामी झाली की प्रतिविषाने ती जागी होत नाहीत. व्हेंटिलेटर लावून शरीर दुरुस्त होईपर्यंत थांबायचं. इथं लवकर दिलेलं वरेस्प्लाडिब उपयोगी पडेल अशी आशा ठेवायला जागा आहे.

पण एक अडचण व्हिडिओवाल्यांना सुचलेली दिसत नाही. मण्यारीच्या रुग्णाला गिळता येत नाही. घोणशीचा रुग्ण उलट्या करत असतो. गोळी घशात अडकली तर सापाआधी तीच मारेल. म्हणूनच आधी शिरेतून आणि मग तोंडाने, अशा क्रमाची ब्राव्हिओ नावाची चाचणी आखली गेली. शिरेतून द्यायचं म्हटलं की ते बांधावरचं औषध राहत नाही, दवाखान्यातलं होतं.

पुण्यात_बेळगावकर

मूळचा शहापूरचा, पुण्यात औषध-चाचण्यांच्या क्षेत्रात बरीच वर्षं. ब्राव्होवर लिहितो.

चाचणीत शंभराहून थोडे कमी रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कोणाला औषध आणि कोणाला हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी हे ठरलं. रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही माहीत नाही. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, म्हणजे गरजेप्रमाणे प्रतिविषही, मिळतच होते. मोजमाप काय तर सर्पदंशाच्या तीव्रतेचे गुण: सूज, श्वास, रक्ताभिसरण, पोट, रक्त गोठणं, मज्जासंस्था यांचा मिळून एक आकडा. सुरुवातीला तो किती होता आणि सहाव्या व नवव्या तासाला सरासरी किती उतरला, हा मुख्य प्रश्न.

उत्तर असं की सगळे रुग्ण एकत्र धरले तर दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. स्वच्छ मराठीत, चाचणी मुख्य परीक्षेत नापास. चावल्यापासून पाच तासांच्या आत औषध सुरू झालेल्यांत मात्र औषधाच्या बाजूने कल दिसला. बातम्यांनी, आणि त्यावरून व्हिडिओंनी, हाच पाच तासांचा भाग उचलला.

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

पहिली. उपगटातला निकाल हा पुढच्या चाचणीसाठी प्रश्न असतो, उत्तर नव्हे. रुग्ण वय, लिंग, देश, साप, वेळ असे पुरेशा प्रकारांनी कापले की कुठल्या तरी तुकड्यात काही ना काही चमकतंच. पाच तासांच्या मागं जीवशास्त्राचं कारण पटण्यासारखं आहे (एन्झाइमने नुकसान करून झाल्यावर त्याला अडवून काय उपयोग) म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण औषध-नियंत्रकासमोर "पटण्यासारखं" चालत नाही. ते म्हणतील, फक्त लवकर आलेल्यांची चाचणी घ्या आणि मग या.

दुसरी, आणि या धाग्यासाठी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पाच तासांतला तो फायदा रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, प्रतिविषाच्या जोडीला दिसला. निपाणीकरांना जी गोळी हवी आहे, फडात घ्यायची, प्रतिविष मिळेपर्यंत तग धरायला, तिची परीक्षा ब्राव्होत झालेलीच नाही. तशी चाचणी आखायची तरी कशी, हाच मोठा पेच आहे. फडात चिठ्ठी टाकून निम्म्यांना रिकामी गोळी द्यायची? सही कोणाची घ्यायची? चावलाय तो साप विषारी तरी होता का, हे कोणाला माहीत?

म्हणजे उद्या परवानगी मिळाली तरी ती बहुधा "रुग्णालयात प्रतिविषासोबत" अशा शब्दांत येईल. लोकांच्या डोक्यातलं औषध आणि परवानगीच्या कागदावरचं औषध यांत हे अंतर आहे, आणि व्हिडिओ ते अंतर गिळून टाकतात.

परवानगीचा रस्ता थोडक्यात. अमेरिकेत याला फास्ट ट्रॅक दर्जा आहे. त्याचा अर्थ नियंत्रक कंपनीशी वारंवार बोलेल, माहिती तुकड्या-तुकड्याने बघेल. पुरावा कमी चालेल असा त्याचा अर्थ नाही. भारतात नवीन औषधं आणि चाचण्यांचे नियम २०१९ चे. औषध महानियंत्रकांची परवानगी, त्याआधी विषयतज्ज्ञांच्या समितीची छाननी, प्रत्येक केंद्रावर नैतिकता समिती, आणि चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत टाकल्याशिवाय पहिला रुग्ण घ्यायचा नाही. बाहेरच्या देशातलं औषध असेल तर अर्जावर निर्णयाला ९० कामकाजाचे दिवस. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई.

अथणी_बागायत

सगळं वाचलं. राग आला म्हणून लिहितो. २००० ते २०१९ या काळात देशात १२ लाख माणसं सापाने मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, हे तुमच्याच शास्त्रज्ञांनी छापलंय. मेलेला माणूस कोण? बागायतीत पाणी पाजायला रात्री गेलेला गडी. शेतीची थ्री-फेज वीज आम्हाला रात्रीच मिळते, साप पण रात्रीच फिरतो. आणि तुम्ही म्हणालाय उपगट, तुकडा, परीक्षेत नापास. मरणाऱ्याला द्या की! नाहीतरी मरणारच आहे, गोळीने आणि काय वाईट होणार? कोविडमध्ये तातडीची परवानगी दिलीच होती की सरकारने.

पुण्यात_बेळगावकर

अथणीकर, राग रास्त आहे. वीज रात्री देणाऱ्यांवर तो जास्त शोभेल, पण असो.

"आणि काय वाईट होणार" हेच २०१२ च्या आधी हृदयविकाराच्या रुग्णांबाबत वाटत होतं. दाह कमी होतो, रक्तातले आकडे सुधारतात, मग झटकेही कमी होणार. ५,१४५ माणसांवर नीट मोजलं तेव्हा उलटं निघालं. तिथं औषध १६ आठवडे द्यायचं होतं, सापासाठी काही दिवसच, त्यामुळं तोच धोका इथं असेल असं मी म्हणत नाही. पण घोणशीच्या विषाने आधीच रक्ताच्या गुठळ्यांचा खेळ मांडलेला असतो आणि चावलेला माणूस साठीचा, हृदयाचा रुग्णही असू शकतो. मोजायला नको?

आणि "नाहीतरी मरणारच" हे खरं नाही. वेळेत प्रतिविष मिळालेली बहुसंख्य माणसं जगतात. कित्येकदा विषारी साप चावूनही विष सोडत नाही, त्याला कोरडा दंश म्हणतात. अशांना गोळी दिली आणि ते वाचले, की गोळीचा डंका. मांत्रिकाची ख्याती अशीच वाढलेली असते.

गुंजीची_आशा

नमस्कार. मी आशा कार्यकर्ती आहे. डॉक्टर आणि पुण्याचे दादा छान लिहितात. पण गोळीचा पेटारा शेवटी माझ्यासारखीच्याच पिशवीत येणार, म्हणून माझंही ऐका.

आमच्या भागात काही वाड्या अभयारण्याच्या आत आहेत. पावसात ओढा चढला की वाट बंद. माणूस खुर्चीला बांधून, बांबूला अडकवून आणतात. तिथं गोळी हवीच, याबद्दल माझं दुमत नाही.

भीती दुसरीच आहे. गोळी दिली की माणूस घरी बसेल. ताप आला, गोळी दिली, उतरला ताप, झालं. ही सवय आम्हीच लावलीय. "ताईनं गोळी दिलीय, आता सकाळी बघू." दवाखान्यात जायचा खर्च, रोजगार बुडणार, रात्री रिक्षावाला मागेल ती रक्कम, हे सगळं टळत असेल तर कोण निघेल? आज निदान भीतीपोटी तरी निघतात. गोळीनं विष थोडं मागं सरकलं आणि माणूस थांबला तर आपण मदत केली की नुकसान?

चाचणीत हे मोजतात काय? गोळी घेतलेल्यातले किती जण दवाखान्यात पोचले, किती तासांनी पोचले?

दुसरं, सहीचं. आमच्याकडं म्हातारी माणसं मराठीच बोलतात, लिहिणं नाही. दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. साप चावलेल्या माणसाच्या पोराला तो कागद रात्री दोन वाजता कोण समजावणार?

पुण्यात_बेळगावकर

ताई, पहिला प्रश्न इतका नेमका आहे की तो मी उद्या ऑफिसात मांडणार आहे. रुग्णालयातल्या चाचणीत हे मोजलं जाऊच शकत नाही, कारण तिथं सगळे आधीच पोचलेले असतात. ते गावात जाऊनच मोजावं लागेल, आणि परवानगीनंतरच्या अभ्यासात का होईना ते मागायला हवं.

सहीबद्दल नियम स्पष्ट आहे. रुग्णाला कळणाऱ्या भाषेत माहिती द्यायची. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायची, मग अंगठा. रुग्ण शुद्धीवर नसेल तर कायदेशीर नातेवाईक. दुर्बल गटातल्या रुग्णावर नव्या रेणूची चाचणी असेल तर या सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रण. बेळगाव जिल्ह्यात केंद्र निघालं तर मराठी आणि कन्नड अशी दोन्ही संमतिपत्रं नैतिकता समितीने मंजूर केलेली असायला हवीत. कोणी दिली नाहीत तर सही करू नका. चाचणीत भाग घेतला नाही म्हणून नेहमीचे उपचार कोणी अडवू शकत नाही.

चंदगड_सीमेवर

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू केली तेव्हा कोणी काय म्हटलं ते विसरलात काय? साप चावला तर बेळगाव जवळ का गडहिंग्लज, हे ठरवताना सुद्धा आमची माणसं आधी कार्ड कुठलं चालतं ते बघतात. आणि मुळात हे सगळं होतंय ते १९५६ पासून...

कट्टा_व्यवस्थापक

चंदगडकर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो पुरेसा लांब आहे. कार्डाचा मुद्दा इथं लागू, तेवढा ठेवलाय. १९५६ पासूनचा पुढचा भाग तिकडं हलवला.

रात्रपाळी_डॉक्टर

कार्डावरून: साप चावल्यावर कार्ड बघत बसू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष सुरू करा, पुढची व्यवस्था चालत्या सलाईनसोबत होते. राज्याची हद्द विषाला माहीत नसते.

एक चांगली गोष्ट इथं नोंदवतो. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश सूचनीय आजार केला, देशात सगळ्यात आधी. म्हणजे खाजगी दवाखान्यालाही प्रत्येक केस कळवायची. केंद्राचा सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ चा, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं त्यात आहे. आशाताईंच्या प्रश्नाला याचा उपयोग होईल. चावल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ प्रत्येक कागदावर नीट लिहिली गेली तर पाच तासांच्या आत आपल्या जिल्ह्यात किती जण पोचतात ते दिसेल. आज केसपेपरवर "साप चावला, रात्री" एवढंच असतं. त्या "रात्री"वर कसली चाचणी आणि कसलं नियोजन.

तंबाखूपट्टा_निपाणी

डॉक्टर, पाच तास म्हंजे आम्हाला लै वाटत हुतं. पण मंदिरात नेऊन आणायचं, मग पाव्हण्याला फोन, मग गाडी, धरलं तर पाच तास तिथंच जात्यात की. गोळी आली न्हाई तरी ह्ये तास तरी कमी करता येतील. टोळीच्या मुकादमाकडं गाडीवाल्याचा नंबर आधी लिहून ठेवायचं आमच्या कारखाना गटात ह्या हंगामापास्नं ठरवालोय.

औषधवाले, एक सांगा. परवानगी आली तर किंमत काय पडंल?

औषधवाला_खानापूर

किंमतीचा आकडा आज कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. पण गणित कुठं अडकेल ते सांगतो.

अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतो. तिथं सर्पदंश दुर्मीळ. दुर्मीळ आजारावरच्या औषधाला तिथं कर, मक्तेदारी अशा सवलती मिळतात, आणि किंमतही तशीच चढी लागते. आपल्याकडं तोच आजार गावोगाव. श्रीमंत देशात गिऱ्हाईक कमी, गरीब देशात गिऱ्हाईक भरपूर पण खिसा रिकामा. कंपनीला पैसा कुठून मिळणार यावर बरंच ठरेल. सरकारने घाऊक घेतलं तरच ते आशाताईंच्या पिशवीत येईल.

अजून एक. ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोपीय संघ इथं मंजूर झालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट मिळू शकते. सर्पदंशाच्या औषधाला अशी सूट मिळावी असं मला अजिबात वाटत नाही. तिकडचा रॅटलस्नेक आणि आपली घोणस यांचं विष वेगळं. सर्पमित्र म्हणाले तसं, इथल्याच घोणशीतही फरक. या औषधाची खरी परीक्षा आपल्या रुग्णांवरच व्हायला हवी, आणि ब्राव्होत निदान भारत होता ही जमेची बाजू.

आणि दुकानदार म्हणून: नवीन औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. इंटरनेटवर या नावाने भुकटी विकणारे आहेत, ती प्रयोगशाळेसाठीची रसायनं असतात, माणसासाठी नव्हेत. गेल्या आठवड्यात एकाने मला तसली मागवून द्यायला सांगितलं. नाही म्हटलं, तर रागावून गेला.

अथणी_बागायत

तो मी नव्हे.

बरं, चाचणी आपल्या भागात निघाली तर कळणार कसं? मला खरंच भाग घ्यायचाय, म्हणजे साप चावला तर.

पुण्यात_बेळगावकर

भारतातली चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सगळ्यांना खुली आहे. शोधात औषधाचं नाव किंवा सर्पदंश हा शब्द इंग्रजीत टाका. केंद्रांची नावं, नैतिकता समितीची मंजुरी, रुग्ण घेणं सुरू आहे की बंद, सगळं दिसतं. तिथं नोंद नसलेली "चाचणी" कोणी तुमच्यावर करू पाहत असेल तर सरळ उठून या. मात्र सर्पदंशाच्या चाचणीसाठी आधी नाव नोंदवता येत नाही. चावल्यावर ज्या दवाखान्यात जाल ते केंद्र असेल तर तिथं विचारतील. ते केंद्र गाठायला म्हणून जवळचा दवाखाना ओलांडून जाऊ नका.

गुंजीची_आशा

डॉक्टर, केसपेपरवर वेळ लिहायचं मनावर घेतलं. आमच्या मासिक बैठकीत मांडते. चावल्याची वेळ, घरातून निघाल्याची वेळ, पहिल्या दवाखान्याची वेळ, प्रतिविष सुरू झाल्याची वेळ असे चार रकाने पुरे होतील काय?

रात्रपाळी_डॉक्टर

पाचवा घाला: मध्ये कुठं थांबलात. कोणाचं नाव नको, फक्त किती वेळ.